देखरेखीखालील सेवा आणि त्यांचे एन्व्हायर्नमेंट : शेल स्क्रिप्टमधील व्हेरिएबल्सचा आढावा

युनिक्स कुळातील कोणत्याही संगणकावर एखादा प्रोग्राम सुरू होतो तेव्हा त्याला दोन याद्या मिळतात. पहिली आर्ग्युमेंट्सची, म्हणजे आज्ञेच्या ओळीत लिहिलेल्या शब्दांची, आणि दुसरी 'नाव=मूल्य' अशा जोड्यांची, जिला एन्व्हायर्नमेंट म्हणतात व जिच्यातील प्रत्येक जोडीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे नाव आहे. बेल प्रयोगशाळेतून १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सने आणि तिच्याबरोबर आलेल्या स्टीफन बोर्न यांच्या शेलने ही दुसरी यादी रूढ केली, आणि तेव्हापासून तिचे नियम जवळजवळ बदललेले नाहीत. प्रवासाला निघणाऱ्याला घरातून शिदोरी बांधून द्यावी तशी ही यादी मूळ प्रोसेस आपल्या अपत्य-प्रोसेसला देते. ती नक्कल असते, त्यामुळे अपत्याने तिच्यात केलेला बदल मूळ प्रोसेसपर्यंत पोहोचत नाही, आणि अपत्य एकदा मार्गस्थ झाल्यावर मूळ प्रोसेसने स्वतःकडील यादी कितीही बदलली तरी त्याचा अपत्याला उपयोग होत नाही. या लेखातील बहुतेक अडचणींचे मूळ या दोन वाक्यांत आहे.

सेवा, किंवा रोजच्या बोलण्यातील सर्व्हिस, म्हणजे कोणी समोर बसलेले नसताना अखंड चालणारा प्रोग्राम : टपाल पोहोचवणारा, संकेतस्थळ दाखवणारा किंवा डेटाबेस सांभाळणारा. असा प्रोग्राम कोसळला तर त्याला पुन्हा उभे करण्यासाठी त्याच्यावर दुसरा प्रोग्राम नेमला जातो, आणि त्यालाच सुपरव्हायझर म्हणतात. सिस्टम फाइव्ह युनिक्सच्या इनिटटॅब या फाइलमध्ये 'रीस्पॉन' हा शब्द लिहून ही सोय फार पूर्वीपासून मिळत होती. तथापि तिला स्वतंत्र शिस्त लावण्याचे श्रेय डॅनियल बर्नस्टाइन यांच्या डेमनटूल्स या संचाला द्यावे लागते, ज्याची ०.७६ ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि जो २००७ मध्ये सार्वजनिक मालकीत सोडण्यात आला. त्याची रचना अशी की प्रत्येक सेवेसाठी एक डिरेक्टरी असते, तिच्यात 'रन' नावाची लहानशी शेल स्क्रिप्ट असते, आणि 'सुपरवाइज' हा प्रोग्राम ती स्क्रिप्ट चालवतो व ती संपली की पुन्हा चालवतो. प्रश्न उपस्थित होतो तो असा की या स्क्रिप्टला जे एन्व्हायर्नमेंट मिळते ते कोणाकडून येते, आणि त्यात काय असावे हे कोणी ठरवावे.

प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप समजण्यासाठी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी या तालुक्याच्या गावी असलेले एक यंत्र कल्पावे. विड्याच्या पानांचे मळे आणि पानपिंपरी यांसाठी हा परिसर ओळखला जातो. तेथील एखाद्या व्यापारी संस्थेच्या कार्यालयात लिनक्सवर चालणारी एक सेवा रोज भावांची मराठी यादी तयार करते आणि ती शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवते, असे समजू. ज्याने ती बसवली त्याने आपल्या नावाने लॉगिन करून ती हाताने चालवून पाहिली आणि सारे ठीक झाले. पुढे एका रात्री भारनियमनात वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, पहाटे वीज आल्यावर यंत्र आपोआप सुरू झाले आणि सुपरव्हायझरने सेवाही उभी केली. परंतु या वेळी कोणी लॉगिन केलेले नव्हते. लॉगिन झाल्यावर शेल जी 'डॉट प्रोफाइल' फाइल वाचतो आणि जिच्यात पाथ, भाषा व वेळेचा पट्टा यांची व्हेरिएबल्स लिहिलेली होती, ती फाइल कोणी वाचलीच नाही. प्रोग्राम तोच, यंत्र तेच, तरी यादीवर आदल्या दिवसाची तारीख छापली जाते, मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात, किंवा सेवा मुळी उभीच राहत नाही. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्रामच्या माथी मारला जातो, आणि लॉगिन करून हाताने चालवून पाहिले की तो प्रोग्राम पुन्हा निर्दोष ठरतो.

वेळेच्या पट्ट्याचे व्हेरिएबल टीझेड या नावाचे आहे, आणि मराठी वाचकाला ते सर्वांत आधी नडते, म्हणून त्याचा तपशील पाहणे उपयुक्त ठरेल. टीझेड दिलेले नसेल तर प्रोग्राम यंत्राचा सर्वसाधारण पट्टा घेतो, आणि सर्व्हर म्हणून बसवलेल्या यंत्रांवर तो पुष्कळदा यूटीसी हा जागतिक प्रमाणवेळेचा असतो. भारतीय प्रमाणवेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असल्याने अशा यंत्रावर तारीख बदलते ती आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता, आणि मध्यरात्रीपासून तोवर झालेली प्रत्येक नोंद आदल्या दिवशी जमा होते. हे टाळण्यासाठी 'एशिया/कोलकाता' हे मूल्य द्यावे लागते. मुंबई हे मोठे शहर असल्याने 'एशिया/मुंबई' चालेल असे अनेकांना वाटते, परंतु वेळ-पट्ट्यांच्या जागतिक कोशात ते नावच नाही, आणि लिनक्सवरील जीलिबसी हे मूलभूत ग्रंथालय अशा वेळी कोणतीही तक्रार न करता यूटीसी धरून चालते. याहून फसवे मूल्य म्हणजे नुसते 'आयएसटी'. ते दिल्यास घड्याळ यूटीसीचीच वेळ दाखवते, मात्र तिच्यापुढे आयएसटी हे लेबल लावते, म्हणजे चूक असते आणि ती दिसतही नाही. नावाऐवजी अंकांत पट्टा सांगण्याची पॉझिक्स प्रमाणातील पद्धत 'आयएसटी-५:३०' अशी आहे, आणि तीत ऋण चिन्ह येते, कारण तेथे स्थानिक वेळेपासून यूटीसी गाठण्यासाठी किती वेळ मिळवायचा ते लिहितात. हे चिन्ह उलटे लिहून अकरा तासांचा घोटाळा करून घेणे कोणालाही सहज साधते.

भाषेचा प्रश्न लँग आणि एलसी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सचा आहे. त्यांपैकी एलसी-ऑल सर्वांवर मात करते, त्याखालोखाल एलसी गटातील स्वतंत्र व्हेरिएबल्स आणि शेवटी लँग असा अग्रक्रम ठरलेला आहे. यांपैकी काहीच दिलेले नसेल तर प्रोग्राम 'सी' नावाच्या मूळ लोकेलमध्ये चालतो, ज्याला देवनागरी हे अक्षर म्हणून ठाऊकच नाही. 'अंजनगाव' या शब्दाची लांबी बॅश शेलला विचारली तर यूटीएफ-८ लोकेलमध्ये उत्तर ७ येते आणि सी लोकेलमध्ये २१, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि सी लोकेल केवळ बाइट मोजतो. पायथन भाषेतील प्रोग्राम सी लोकेलमध्ये पहिले मराठी अक्षर छापतानाच कोसळण्याचा अनुभव एके काळी सार्वत्रिक होता. २०१८ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीने अशा वेळी आपण होऊन यूटीएफ-८ धरण्याची व्यवस्था केली, त्यामुळे तो आता कमी झाला आहे. अकारविल्हे लावण्याचा प्रश्न मात्र तसाच राहतो. युनिकोडमध्ये 'ळ' चे स्थान 'ल' च्या लगेच पुढे, 'व' च्या आधी आहे, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. त्यामुळे सी लोकेलमध्ये लावलेल्या सभासदांच्या यादीत काळे हे कावरे आणि काशीकर यांच्या आधी येतात, आणि शाळेत शिकलेल्या क्रमाने यादी चाळणाऱ्याला ते सापडत नाहीत. नुसते मराठी लोकेलचे नाव लिहून भागत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. ते लोकेल यंत्रावर तयार करून ठेवलेले नसेल तर प्रोग्राम मुकाट्याने सी लोकेलवर परततो. ज्या सेवेला क्रमवारीशी कर्तव्य नाही आणि फक्त अक्षरे शाबूत हवीत, तिच्यासाठी 'सी-यूटीएफ-८' हे मधले लोकेल पुरेसे असते. डेबियनमध्ये ते पूर्वीपासून होते, आणि जीलिबसीने ते २०२२ मधील २.३५ आवृत्तीत मूळ संचातच घेतले.

एन्व्हायर्नमेंट कोणाकडून यावे या आरंभीच्या प्रश्नाला बर्नस्टाइन यांचे उत्तर असे की वारशाने काही येऊच देऊ नये. डेमनटूल्समधील सर्व सेवांचा मूळपुरुष असलेला 'एसव्हीस्कॅन' हा प्रोग्राम ज्या स्क्रिप्टमधून सुरू होतो, ती स्क्रिप्ट त्याला केवळ पाथ हे एक व्हेरिएबल देते आणि बाकी सर्व यादी कोरी करते. त्यामुळे यंत्र कोणी, कधी, कोणत्या नावाने सुरू केले याचा सेवेवर परिणाम होत नाही, आणि जे लागेल ते 'रन' स्क्रिप्टनेच द्यावे लागते. ते देण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे स्क्रिप्टमध्ये मूल्य नेमून 'एक्सपोर्ट' म्हणणे. एक्सपोर्ट न केलेले व्हेरिएबल शेलचे खाजगी राहते आणि पुढील प्रोग्रामला मिळत नाही, हे नवशिक्याला लवकरच कळते. स्क्रिप्टची शेवटची ओळ 'एक्झेक' या शब्दाने सुरू झाली पाहिजे, हे मात्र पुष्कळांना उशिरा कळते. एक्झेक म्हणजे शेलने स्वतः बाजूला होऊन त्याच प्रोसेस-क्रमांकावर मुख्य प्रोग्रामला जागा देणे. ते विसरले तर सुपरव्हायझर शेलवर लक्ष ठेवत बसतो, थांबण्याचा सिग्नल शेलला मिळतो, आणि खरा प्रोग्राम पोरका होऊन मागे चालू राहतो. मग नव्याने उभ्या राहिलेल्या सेवेला पोर्ट अडलेले सापडते आणि नव्या मूल्यांची वाट पाहणाऱ्याला जुनीच मूल्ये दिसत राहतात.

दुसरा मार्ग 'एन्व्हडिर' या चिमुकल्या प्रोग्रामचा. तो एक डिरेक्टरी घेतो, तिच्यातील प्रत्येक फाइलचे नाव हे व्हेरिएबलचे नाव आणि फाइलची पहिली ओळ हे त्याचे मूल्य मानतो, फाइल पूर्ण रिकामी असेल तर ते व्हेरिएबल काढून टाकतो, आणि मग पुढील प्रोग्रामला जागा देतो. 'रन' स्क्रिप्टची शेवटची ओळ त्यामुळे एक साखळी बनते : आधी एन्व्हडिर यादी भरतो, मग 'सेटयूआयडीजीआयडी' मूळ वापरकर्त्याचे, म्हणजे 'रूट'चे, अधिकार सोडून साध्या वापरकर्त्याचे घेतो, मग मुख्य प्रोग्राम येतो. कड्यांचा क्रम येथे अर्थपूर्ण आहे, कारण मूल्यांच्या फाइली केवळ मूळ वापरकर्त्यालाच वाचता येतील अशा ठेवून त्या अधिकार सोडण्याआधी वाचता येतात. या पद्धतीचा खरा लाभ असा की मूल्याचे रूपांतर शेल करत नाही. अवतरणचिन्हे, डॉलरचे चिन्ह, मोकळी जागा यांपैकी काहीही मूल्यात आले तरी त्याचा वेगळा अर्थ लावला जात नाही. उलट, मूल्यांची फाइल 'डॉट' या आज्ञेने स्क्रिप्टमध्ये ओतून घेण्याची जी लोकप्रिय रीत आहे, तीत ती फाइल शेलचा कार्यक्रम म्हणूनच चालते, आणि तीही पुष्कळदा मूळ वापरकर्त्याच्या अधिकाराने. पासवर्डमधील एखादे चिन्ह शेलने गिळले म्हणून तासन् तास शोधाशोध होते ती याच रीतीत. एकेका मूल्यासाठी एकेक फाइल करणे काहींना पसारा वाटतो, परंतु हा पसारा परवडतो असेच म्हणावे लागेल.

एन्व्हडिरही सर्व दोषांवर उपाय नाही. मूल्याची फाइल विंडोजवरील नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हवरून आणली, तर ओळीच्या शेवटी 'कॅरेज रिटर्न' हे अदृश्य चिन्ह राहते. एन्व्हडिर शेवटच्या मोकळ्या जागा आणि टॅब कापतो, हे चिन्ह कापत नाही. पडद्यावर मूल्य बरोबर दिसते, वेळेचा पट्टा मात्र कोशात सापडत नाही आणि पुन्हा यूटीसी लागू होते. तेच चिन्ह 'रन' स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आले तर समोर दिसणारी फाइल सापडत नसल्याचा संदेश येतो, कारण यंत्रणा शेलच्या नावाला ते चिन्ह जोडून त्या नावाचा प्रोग्राम शोधत असते. 'कॅट' या आज्ञेला मोठ्या लिपीतील ए हा पर्याय दिला की हे चिन्ह उघडे पडते.

अत्यावश्यक मूल्य नसेल तर काय व्हावे, हाही स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने आधीच ठरवण्याचा विषय आहे. शेलमध्ये महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे अपूर्णविराम (:) आणि प्रश्नचिन्ह लिहून संदेश दिला की मूल्य रिकामे असताना स्क्रिप्ट तो संदेश छापून तेथेच थांबते. असा अडसर नसेल तर 'डेटा डिरेक्टरी' चे मूल्य रिकामे राहून मुख्य प्रोग्राम भलत्याच जागी लिहू लागण्याची शक्यता असते. मात्र थांबल्यावर पुढे काय होते ते सुपरव्हायझरवर अवलंबून आहे. सुपरवाइज किमान एका सेकंदाचे अंतर राखून पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो आणि लॉग भरत जातो. ज्याचा परिचय पुढे येतो तो सिस्टमडी हा सुपरव्हायझर, सेवा पुन्हा सुरू करायला सांगितलेले असल्यास, आपल्या मूळ मर्यादेनुसार दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसल्यावर सेवा अपयशी ठरवून गप्प बसतो. पहिला त्रास मोठा असला तरी डोळ्यांवर येतो, आणि तोच बरा.

डेमनटूल्सच्या वंशातील पुढील संच थोडक्यात सांगता येतील. गेरिट पेप यांच्या रनिटमध्ये एन्व्हडिर, सेटयूआयडीजीआयडी इत्यादींची कामे 'सीएचपीएसटी' या एकाच प्रोग्रामकडे दिली आहेत, आणि व्हॉइड लिनक्स आजही रनिटवर चालते. लोरां बेर्को यांच्या एस६ मध्ये साखळीची कल्पना आणखी पुढे नेली आहे. त्यावर आधारलेल्या कंटेनरच्या मांडणीत, कंटेनरला बाहेरून मिळालेली व्हेरिएबल्स सेवांना आपोआप न देता एका डिरेक्टरीत उतरवून ठेवली जातात, आणि जी स्क्रिप्ट मागेल तिलाच ती मिळतात. पायथनमध्ये लिहिलेला सुपरव्हायझरडी वेगळ्या वाटेने जातो. तो स्वतः ज्या शेलमधून सुरू झाला त्याचेच एन्व्हायर्नमेंट अपत्यांना देतो, आणि मूळ वापरकर्त्याऐवजी दुसऱ्याच्या नावाने सेवा चालवायला सांगितले तरी होम व यूजर ही व्हेरिएबल्स बदलत नाही. परिणामी साध्या वापरकर्त्याची सेवा मूळ वापरकर्त्याच्या घरात डोकावू पाहते आणि परवानगी नसल्याने परत फिरते. ही गोष्ट त्याच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेली आहे, तरीही तिच्यामुळे ठेचकाळणारे रोज भेटतात.

मुख्य प्रवाहातील लिनक्सवर मात्र प्रदीर्घ काळ सिस्टम फाइव्ह पद्धतीच्या स्क्रिप्टांचे राज्य होते. डेबियनमध्ये 'ईटीसी' खालील 'डिफॉल्ट' आणि रेड हॅटमध्ये 'सिसकॉन्फिग' या डिरेक्टरीत मूल्यांच्या फाइली असत आणि त्या डॉट आज्ञेनेच ओतल्या जात. तेथे 'सर्व्हिस' या आज्ञेने सेवा सुरू केली तर एन्व्हायर्नमेंट जवळजवळ कोरे करून दिले जाई, आणि तीच स्क्रिप्ट थेट नावाने चालवली तर चालवणाऱ्याचे सगळे एन्व्हायर्नमेंट आत जाई. एकाच सेवेचे वर्तन सुरू करण्याच्या रीतीनुसार बदलावे, हा दोष त्या व्यवस्थेच्या पायातच होता.

लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेल्या सिस्टमडीने तो काढला. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातील काही रास्त आहे. पण एन्व्हायर्नमेंटच्या बाबतीत त्याची बाजू बळकट आहे. प्रत्येक सेवा पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसकडून, ठराविक व लहान एन्व्हायर्नमेंट घेऊन सुरू होते, मग आज्ञा कोणीही दिलेली असो. मूल्ये देण्यासाठी सेवेच्या 'युनिट' फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' ही सूचना आणि वेगळ्या फाइलसाठी 'एन्व्हायर्नमेंटफाइल' ही सूचना आहे. दोन्हींत एकच नाव आले तर फाइलमधील मूल्य वरचढ ठरते. युनिट फाइल बदलल्यावर सिस्टमडीला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते, तर एन्व्हायर्नमेंटफाइल प्रोग्राम सुरू होण्याच्या जरासे आधी वाचली जात असल्याने सेवा पुन्हा सुरू करणे पुरते. सापळा आहे तो तिच्या रूपात. ती शेल स्क्रिप्टसारखी दिसते पण शेल स्क्रिप्ट नाही. ओळीच्या आरंभी 'एक्सपोर्ट' लिहिले तर ती ओळच वगळली जाते, आणि जुन्या पाथला नवी डिरेक्टरी जोडण्यासाठी डॉलरचे चिन्ह लिहिले तर ते जसेच्या तसे मूल्यात उतरते. जुन्या व्यवस्थेतील फाइल नव्या व्यवस्थेला तशीच जोडणाऱ्यांची गाडी हमखास येथे अडते.

उरतो गुपितांचा प्रश्न, आणि त्यावर मतभेद आहेत. हेरोकू या कंपनीच्या वर्तुळातून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' या मार्गदर्शिकेने बदलणारी सर्व मांडणी, पासवर्डसकट, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवण्याचा आग्रह धरला, आणि २०१३ नंतर डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या प्रसाराबरोबर तो आग्रह रूढी बनला. पासवर्ड प्रोग्रामच्या मूळ लिखाणात पुरून ठेवण्यापेक्षा हे निश्चितच बरे होते. परंतु एन्व्हायर्नमेंट प्रत्येक अपत्याला न मागता मिळते, प्रोग्राम कोसळताना तयार होणाऱ्या अहवालात ते सहज छापले जाते, आणि सिस्टमडीच्या युनिटमध्ये लिहिलेले मूल्य तर यंत्रावरील कोणताही साधा वापरकर्ता विचारून घेऊ शकतो. सिस्टमडीचे स्वतःचे दस्तऐवज या कारणाने गुपितांसाठी एन्व्हायर्नमेंट अयोग्य ठरवतात, आणि २०२० मधील २४७ आवृत्तीत आलेली 'लोडक्रेडेन्शियल' ही सोय गुपित वेगळ्या फाइलमध्ये ठेवून एन्व्हायर्नमेंटमध्ये केवळ त्या डिरेक्टरीचा पत्ता देते. एन्व्हायर्नमेंट ही निर्जीव माहिती आहे, हा समजही २४ सप्टेंबर २०१४ रोजी जाहीर झालेल्या 'शेलशॉक' या दोषाने मोडीत निघाला. बॅश शेल व्हेरिएबलमधून फंक्शन स्वीकारत असे आणि त्यापुढे जोडलेली आज्ञाही चालवत असे, त्यामुळे वेब सर्व्हरने ब्राउझरकडून आलेला मजकूर व्हेरिएबलमध्ये ठेवून बॅशची स्क्रिप्ट चालवली की परक्याची आज्ञा यंत्रावर चालत असे. बाहेरून आलेले एन्व्हायर्नमेंट कोरे करून घेण्याची बर्नस्टाइन यांची सवय पूर्वी काहींना अतिरेकी वाटत असे. शेलशॉकनंतर तिला तसे म्हणणे कठीण झाले.

या सर्व पद्धती समोर ठेवता, नव्याने सेवा मांडणाऱ्याने कोणता सुपरव्हायझर निवडावा हा प्रश्न दुय्यम ठरतो. एन्व्हायर्नमेंट कोऱ्यापासून सुरू करून लागेल ते प्रत्येक व्हेरिएबल एकाच ठिकाणी उघडपणे लिहिले असेल तर डेमनटूल्स आणि सिस्टमडी दोन्ही सारखेच विश्वासार्ह ठरतात, आणि ते लिहिलेले नसेल तर दोन्ही सारखेच दगा देतात. डॉट आज्ञेने फाइल ओतण्याची रीत मात्र आता सोडून द्यावी. तिच्या बाजूने सवयीखेरीज काही सांगता येत नाही.

झालेल्या मांडणीची तपासणी करण्यासाठी लिनक्सवर वेगळे साधन लागत नाही. 'प्रॉक' या डिरेक्टरीत प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाखाली 'एन्व्हायरन' नावाची फाइल असते, आणि त्या प्रोग्रामला आरंभी मिळालेली यादी तीत जशीच्या तशी दिसते. स्क्रिप्टमधील शेलने एक्सपोर्ट केलेली मूल्ये शेलच्या स्वतःच्या फाइलमध्ये दिसत नाहीत, एक्झेक होऊन मुख्य प्रोग्राम आल्यावर त्याच क्रमांकाखाली ती दिसू लागतात. ही फाइल हाताने सुरू केलेल्या सेवेची न वाचता, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावर, सेवा सुपरव्हायझरने उभी केलेली असताना वाचावी.